मोरीतली वसुली

बँकेच्या वसुली विभागात हयात गेली की माणसाला एक खोड लागते. गेलेलं तेवढं दिसतं, आणि ते परत कधी येणार हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. निवृत्त झाल्यावर माझ्याबरोबरचे लोक गाणं शिकू लागले, गच्चीवर पालक लावू लागले, दोघंजण तर नर्मदा परिक्रमेला गेले. मी मोरीकडे बघत बसलो.

निमित्त लेकीच्या घराचं. ती कॅनडात, ऑन्टारियोत असते. तिच्या बाळंतपणाला आम्ही ऐन जानेवारीत गेलो, सौ. कामाची म्हणून आणि मी सौ.च्या सामानाबरोबर. डिंकाचे लाडू वळताना मी बायकांच्या पायात येऊ नये म्हणून जावयांनी मला तळघर दाखवायला नेलं. तिथे घर तापवायची भट्टी होती, पाणी तापवायची टाकी होती आणि एका कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा तांब्याचा जाड पाइप उभा होता. त्याच्याभोवती वरपासून खालपर्यंत तांब्याचीच नळी गच्च गुंडाळलेली. एवढं तांबं आमच्याकडे फक्त मुंजीच्या आहेरात पाहिलेलं.

"बाबा, वर कुणी शॉवर घेतला की ते पाणी या जाड पाइपातून गटाराकडे जातं," जावई म्हणाले, "आणि जाता जाता त्यातली ऊब आपण काढून घेतो."

मी तिथल्या पायरीवर बसलोच. पुढचं त्यांनी फार छान समजावलं. उभ्या पाइपात पाणी मधोमध धो धो पडत नाही. ते आतल्या भिंतीला धरून पातळ पापुद्र्यानं उतरतं. बाहेरच्या नळीतून नळाचं गार पाणी उलट दिशेनं, खालून वर चढतं. ही दोन पाणी एकमेकांना कधी भेटत नाहीत, मध्ये तांब्याच्या दोन भिंती असतात. पण ऊब इकडची तिकडे जाते. तिथल्या थंडीत नळाचं पाणी येतं चार-पाच अंशांचं आणि शॉवरखालून निघतं ते पस्तीसच्या आसपास. चांगल्या यंत्रात त्यातली निम्मी उष्णता परत मिळते. हलणारा भाग नाही, वीज नाही, बटण नाही. २०१७ पासून ऑन्टारियोत नव्या घरांच्या ऊर्जानियमांतच या यंत्राला जागा दिली आहे. व्हँकूव्हरवाले तर याहून पुढे गेले. तिथे २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी खेळाडूंची जी वस्ती बांधली, तिला आणि भोवतालच्या इमारतींना वस्तीच्या सांडपाण्यातली उष्णता पंपानं खेचून गरम पाणी पुरवतात. म्हणजे गटार तारण ठेवून अख्खा मोहल्ला तापवतात! माझ्या उभ्या नोकरीत असं तारण कुणी आणलं नव्हतं, आणि आणलं असतं तर मी त्याला चहा न पाजता परत पाठवलं असतं.

लाडू कधी संपले मला कळलं नाही. मी रोज तळघरात जाऊन, वर कुणी अंघोळीला गेलं की त्या नळीला वर एक हात आणि खाली एक हात लावून उभा राहत असे. लेकीनं एकदा हळूच आईला विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"

पुण्यात परतल्यावर मी कागद घेऊन बसलो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर आहे, पण पाइपातलं बादलीभर गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं आणि खरं गरम पाणी आमच्या मजल्याला पोचेपर्यंत वरच्यांच्या अंघोळी, धुणी आणि बहुधा मोटारीही धुऊन झालेल्या असतात. म्हणून गीझर. वीस लिटरची बादली, डिसेंबरात नळाचं पाणी वीस अंश धरलं आणि अंघोळीचं बेचाळीस, तर बावीस अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. घरात माणसं चार: आई, आम्ही दोघं आणि मुलगा. रोज दोन युनिट. आमच्या स्लॅबला युनिटला दहा रुपये धरले, तर रोज वीस रुपये आम्ही गरम करून, साबण लावून मोरीत सोडत होतो. आमच्या बँकेत यापेक्षा लहान रकमांसाठी मी लोकांच्या घरी दोनदोनदा गेलेलो आहे.

पहिलं काम, थकबाकी किती आहे ते पाहणं. आईचं तापाचं थर्मामीटर घेऊन मी मोरीच्या जाळीपाशी उकिडवा बसलो. ते थर्मामीटर ३५च्या खाली दाखवतच नाही. मोरीला ताप नव्हता एवढंच सिद्ध झालं. आणि आईनं ते थर्मामीटर पुन्हा तोंडात धरायला ठाम नकार दिला, तो खर्च वेगळा. मग शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून लांब काचेचं थर्मामीटर आणलं. जूल नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १८४७ साली मधुचंद्राला आल्प्समध्ये गेला, तेव्हा लांबलचक थर्मामीटर घेऊन तो धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायला निघाला होता, असं लॉर्ड केल्व्हिननं सांगून ठेवलंय. नवरी मागून गाडीत. मी सौ.ला ही गोष्ट सांगितली. "मधुचंद्राला तरी धबधबा होता," ती बाथरूमच्या आतून म्हणाली, "आणि तुम्ही दाराबाहेर थांबा."

आकडे आले ते फार वाईट आले. बादलीत बेचाळीस अंशांचं पाणी मोरीच्या जाळीशी एकतीसवर आलेलं. शॉवरखाली पाण्याची धार सलग असते. आपण तांब्यातांब्यानं ओततो. त्यातलं काही अंग खातं, काही हवा, उरलेलं गार फरशी. बावीस अंशांच्या मुद्दलातले अकरा अंश जाळीपर्यंत पोचण्याआधीच बुडीत.

"बुडीत कसले?" सौ. म्हणाली. "ते आपल्या अंगाला लागलेत. त्यासाठीच तर अंघोळ गरम पाण्यानं करतात."

या मुद्द्याचं उत्तर मी नंतर देतो म्हणालो. अजून दिलेलं नाही.

प्लंबरला बोलावलं. हा मुलगा आमच्या इमारतीच्या नसानसा ओळखतो. माझं म्हणणं त्यानं शांतपणे ऐकलं आणि खिडकीतून डक्टमधला पाइप दाखवला. "काका, हे सगळं पीव्हीसी आहे. याला तांबं गुंडाळून काय होणार? पाइपाला ताईत बांधल्यासारखं." बरोबर होतं त्याचं. तांबं पीव्हीसीपेक्षा दोनेक हजार पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून तर प्लास्टिकचा कप हातात धरवतो. मग तेवढा भाग कापून तांब्याचा पाइप घाला, मी म्हटलं. "घालू की. पण उभा पाइप सोसायटीचा आहे, आणि तुमच्या मोरीतून तिथपर्यंत सगळी आडवी लाइन आहे." आडव्या पाइपात पाणी तळाशी सरपटत जातं, भिंतीला लागत नाही, तिथे ही युक्ती फारशी चालत नाही हे मला जावयांनी सांगितलं होतं.

तरी मी सेक्रेटरींकडे गेलो. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डक्टमधल्या पाइपातून वरच्या दोन मजल्यांचंही पाणी येतं. त्यांची उष्णता तुमच्या गीझरला मिळणार. त्याचे पैसे त्यांना कोण देणार?" या अंगानं मी विचारच केला नव्हता. शिवाय त्या वरच्यांची काही वर्षांची मेंटेनन्सची थकबाकी होती, तीही याच निमित्तानं उष्णतेत वळती करून घेता येईल का, असा विचार सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागला. मी निघून आलो.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती मला दाढी करताना सुचली. कॅनडात माणूस शॉवरखाली उभा असतो तेव्हा गरम पाणी गटारात जात असतं आणि नेमकं त्याच क्षणी गार पाणी टाकीकडे येत असतं. देणारा आणि घेणारा एकाच खिडकीवर, एकाच वेळी. आमच्याकडे? आधी बादली भरायची. तेव्हा गीझरकडे गार पाणी जातंय, पण मोरी कोरडी. मग नळ बंद करून अंघोळ. तेव्हा मोरीत ऊब वाहतेय, पण घ्यायला कुणी नाही. बदकं बर्फावर तासन् तास उभी राहतात, कारण पायाकडे निघालेलं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला शेजारून जाता जाता ऊब देऊन टाकतं; तिथेही जाणारा आणि येणारा प्रवाह एकाच वेळी वाहता लागतो. हे मी जेवताना मांडलं.

"मग आपण शॉवर घेऊ या," मुलगा म्हणाला. तो इंजिनियर आहे, पण संगणकाचा. आमचा शॉवर बसवल्यापासून ओले टॉवेल वाळत टाकायच्या कामी येतो. मुलानं लगेच मोबाइलवर हिशेब केला आणि स्वतःच थांबला. पाच मिनिटं शॉवर म्हणजे पन्नास लिटर. त्यातली निम्मी उष्णता परत मिळवली तरी उरलेला खर्च पंचवीस लिटर तापवण्याचा. आणि बादली वीसची.

"म्हणजे ते यंत्र बसवून आपण त्यांच्या बरोबरीला येऊ," सौ. म्हणाली, "पाच लिटर मागेच." आणि तिनं वाढलं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. वसुलीवाला थांबत नाही. कर्जदार घरी नसेल तर तो दाराशी बसून राहतो. मी तेच ठरवलं. पाणी लगेच जाऊ द्यायचंच नाही. अंघोळीचं पाणी एका टबात साठवायचं, त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवून ठेवायचं, आणि पुढच्या माणसाची बादली भरताना गीझरकडे जाणारं गार पाणी त्या वेटोळ्यातून न्यायचं. मागच्याची ऊब पुढच्याला. कागदावर यात काहीही चूक नव्हती, आणि विज्ञान म्हणून आजही नाही. अडचण एवढीच की पाणी वरून खाली जातं. टब जमिनीवर, म्हणून माणूस टबाच्या वर हवा.

एसी दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली. तांब्याचा भाव किलोला आठशेच्या पुढे. मी तो आकडा घरी सांगितला नाही. फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचं स्टँड करून घेतलं, वर जाळी, जाळीवर पाट. "काका, कूलर ठेवणार का?" त्यानं विचारलं. अंघोळीला म्हटल्यावर त्यानं माझं वजन विचारलं आणि पायांना आडव्या पट्ट्या वाढवल्या.

आईचा विरोध तत्त्वाचा होता. "अरे, मोरीच्या पाण्यात बुडालेल्या नळीतलं पाणी देवाच्या अंघोळीला वापरायचं?" मी सांगितलं, दोन्ही पाणी वेगवेगळी आहेत, मध्ये तांबं आहे आणि तांबं तर पवित्रच. तिनं नीट ऐकून घेतलं. "पाणी नसेल उष्टं झालं. ऊब उष्टी झालीच की." यावर कुठल्याच पाठ्यपुस्तकात काही नाही. शेवटी देवाचं पाणी स्वयंपाकघरातल्या नळाचं घ्यायचं ठरलं. आमच्या गावच्या घरी परसात बंब होता, मधल्या नळकांड्यात निखारे आणि भोवती पाणी. अंघोळीचं पाणी पन्हळीतून अळूला आणि केळीला जायचं, आणि जी काही वसुली व्हायची ती अळूच्या फदफद्यात व्हायची. आईच्या मते तेवढी पुरे होती.

उद्घाटनाला मी नरक चतुर्दशी निवडली. बहीण आणि मेहुणे दिवाळीला आमच्याकडे होते, म्हणजे ओळीनं सहा अंघोळी, मागच्याची ऊब पुढच्याला द्यायला याहून उत्तम दिवस कुठला? त्या दिवशी अंघोळीत तेल आणि उटणं असतं हे माझ्या लक्षात होतं. तेल आणि उटण्याचं पुढे काय होतं, हे नव्हतं.

पहाटे चारला पहिला मान माझा. आईनं तेल लावलं, आणि मी स्टँडवर चढलो. एकदम लक्षात आलं की बसलेल्या माणसाचं डोकं आता गीझरच्या पोटाशी येतं. मान वाकडी करून मी बसलो. औक्षणासाठी आईला ताट डोक्याच्या वर धरावं लागलं. ती म्हणाली, गणपतीच्या मंडपात सुद्धा एवढं वर बघावं लागत नाही. कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं, तर पायाखाली जमीन नाही. ते जाळीच्या भोकातून सटकलं आणि टबात डुबकन पडलं. नरकासुर तसाच जिवंत, आणि आता गरम पाण्यात.

मग सौ., मग मुलगा. नळीतून फिरून येणाऱ्या पाण्याची धार अंमळ बारीकच झाली होती, बादली भरायला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागत होता, आणि बाहेर रांगेत सगळे डोक्यावर तेल थापून कुडकुडत उभे होते. पण मी गीझरच्या तोंडाशी थर्मामीटर धरलं आणि ओरडलो, "तीन अंश! तीन अंश वाढले!" मुलानं टॉवेल गुंडाळतच हिशेब केला. वीस लिटर, तीन अंश, म्हणजे बादलीमागे सत्तर पैसे. बाहेर कुणीतरी सुतळी बाँब लावला.

मुलानंतर तेही बंद झालं. तेल पाण्यावर तरंगत होतं, पण टबातलं पाणी जसं हलत होतं तसं ते वेटोळ्यावर बसत होतं, आणि त्यावर उटणं. तांब्याच्या नळीला सुवासिक, जाडजूड लेप. साक्षात तांबं, पण अंगात कांबळं घालून बसलेलं. ऊब आत शिरणार कुठून? कारखान्यांतल्या उष्णता-विनिमयकांनाही असा गाळ धरतो आणि तो खरवडायला खास माणसं असतात. आमच्याकडे मी होतो.

चौथे मेहुणे. भारदस्त गृहस्थ, निवृत्त पोलीस खात्यातून. स्टँड कुरकुरलं पण टिकलं, फॅब्रिकेटरचे उपकार. ते मनापासून अंघोळ करतात, तांब्या भरभरून. टब भरत आला होता हे मला दिसत होतं, पण जास्तीचं पाणी मोरीत जाईल या भरवशावर मी होतो. मोरीची जाळी मात्र टबाच्या बरोब्बर खाली होती. पाणी टबाच्या काठावरून उतरलं, जाळीकडे वळायला वाट नाही म्हणून उंबरठ्याकडे वळलं, आणि तेल-उटण्याचा तो पातळ, केशरी लोट पॅसेजमधून थेट दाराशी काढलेल्या रांगोळीपर्यंत गेला. सौ. दिवाणखान्यातून पणत्या उचलत धावत आली आणि मधल्या खोलीत पोचायच्या आत तिनं भिंत धरली. कुणी पाऊल टाकलं की घसरत होतं.

"मी उतरू का?" मेहुण्यांनी वरून विचारलं.

"नको!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

दिवाळी अंक वगळता घरातली होती नव्हती ती सगळी वर्तमानपत्रं आम्ही फरशीवर पसरली, वर राखेसारखं बेसन भुरभुरलं, आणि तोवर मेहुणे पंचा गुंडाळून गीझरशेजारी बसून राहिले. आईला त्यांची दया आली. तिनं एका ताटलीत चकल्या आणि चिवडा वर दिला. त्यांनी तो सावकाश खाल्ला. "इथे छान ऊब आहे," ते म्हणाले. गीझरच्या पोटातून बाहेर पडणारी ती उष्णता होती. इतक्या हिशेबात तेवढी एक मी धरलीच नव्हती.

बहिणीनं आणि मुलानं मिळून स्टँड गॅलरीत नेलं. आता त्यावर तुळस आहे आणि तुळशीला ऊन चांगलं मिळतं, हे सौ. प्रत्येक पाहुण्याला सांगते. स्टँड मुळात कशाला केलं होतं हे मात्र कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवते. प्लंबरनं नळी काढून जुनी जोडणी पूर्ववत केली. पैसे घेताना तो म्हणाला, "काका, पुढच्या वेळी आधी फोन करा."

नळी भंगारात द्यायची ठरली. भंगारवाल्यानं ती हातात घेऊन हुंगली आणि खाली ठेवली. "तांबं घेतो. तेलाचं वजन नाही घेत. धुऊन द्या." गार पाण्यानं तो लेप हलेना. सौ.नं काही न बोलता गीझर चालू केला. कढत पाण्याच्या बादल्या ओतत, कपड्यांच्या ब्रशनं मी गच्चीच्या जिन्यात बसून वेटोळ्याचा एकेक फेरा घासला. काट्यावर ती घातली तेव्हा जे हातात आलं ते खरेदीच्या निम्म्याच्या आसपास होतं.

नोटा मोजून देताना त्यानं विचारलं, "हे होतं कशाचं?" मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन विचारत होतं. मी सगळं सांगितलं: कॅनडा, तळघर, भिंतीला धरून उतरणारं पाणी, खालून वर चढणारं गार पाणी, पुरुषभर उंचीचं निव्वळ तांबं, तेही दुहेरी. तो गाडीच्या दांड्यावर हात ठेवून लक्ष देऊन ऐकत होता.

"पुरुषभर?" तो म्हणाला. "आणि तिकडे घरोघरी?"

"नव्या घरांत पुष्कळ ठिकाणी."

त्यानं थोडा विचार केला. "मग ते जुनं झाल्यावर तिकडे घेतं कोण?"

जावयांना विचारून सांगतो म्हणालो. त्यानं नंबर देऊन ठेवलाय.